विसावं पद

“तोंड इकडं कर, मेंढक्या. गालावर नीट बसली पाहिजे.”

मास्तर एवढं म्हणले आन् खुर्चीत टेकून पान चघळायला लागले. मी फळ्याला पाठ लावून उभा होतो. माझ्यापुढं सात पोरं रांगेनं उभी. सातीजणांचं गणित चुकलं होतं. माझं बरोबर आलं होतं. आन् मार मी खात होतो.

हे कसं झालं ते सांगतो.

नववीचा वर्ग. तालुक्याची शाळा. उर्दू जाऊन मराठी आली त्याला काही वर्षं झाली होती. निजाम गेला, रझाकार गेले, शाळेवर तिरंगा चढला. पण वर्गात कुणी कुठं बसायचं ते कुणी बदललं न्हाई. पुढच्या बाकावर देशमुखांचा धाकटा. त्याच्यामागं बाकीच्या वतनदारांची पोरं. मग कुणब्यांची. मी भिंतीकडंला, खाली, घरून आणलेल्या पोत्यावर. मास्तर म्हणायचे, ह्याच्या अंगाला मेंढराचा वास येतो. येत आसंल. आमी धनगर. मेंढरांतच झोपायचो, सकाळी मेंढरं सोडून मग पायी शाळेला यायचो. वास काय घरी ठिवून येऊ?

मास्तरांचा एक नेम होता. ज्याचं उत्तर बरोबर त्यानं चुकलेल्यांच्या थोबाडात एकेक द्यायची. नेम सगळ्यांना सारखा, असं म्हणायचे. आठवीत मी लय चुकायचो. देशमुखाच्या पोराचा हात माझ्या गालाला पाठ झाला होता. त्याच्या बोटात खड्याची अंगठी होती. मारायच्या आधी तो खडा आतल्या अंगाला फिरवून घ्यायचा. सावकाश. मास्तर बघायचे आन् खिडकीकडं तोंड करायचे.

नववीला श्रेढी आली.

ती मला कळली. बाकीचं गणित मला रेटून शिकावं लागलं, श्रेढी आपसूक कळली. एक पद. मग ठरलेला फरक. मग पुढचं पद. फरक एकदा धरला की मधली पदं लिहीत बसायचं काम न्हाई. पन्नासावं पाहिजे तर पन्नासावं, हजारावं पाहिजे तर हजारावं. मेंढरामागं चालताना मी मनात पदं काढायचो. जिथं मी कधी गेलो न्हाई तिथं काय हाय ते मला इथं उभं राहून सांगता येत होतं. ह्याचा मला एवढा आनंद झाला होता की मी मायला सांगितलं. मायला आकडे येत न्हाईत. ती म्हणली, “म्हंजी लांबचं दिसतंय का तुला?” मी म्हणलं, हाव.

त्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर चार आकडे लिहिले. सात, अकरा, पंधरा, एकोणीस. म्हणले, “विसावं पद सांगा.”

देशमुख उठला. “सत्त्याऐंशी.”

मास्तरांचा चेहरा फुलला. “वा. बसा, बसा. जवळजवळ आलंच.”

जवळजवळ? गणितात जवळजवळ कुठून आलं? त्याचं काय चुकलं ते मला लगेच दिसलं. त्यानं चाराला विसानं गुणलं होतं. पण पहिलं पद तर आधीच हातात असतंय. तिथून विसाव्यापर्यंत उड्या एकोणीसच. एकोणीस चोक शहात्तर आन् सात. त्र्याऐंशी.

मास्तरांनी आणखी सहाजणांना उठवलं. कुणी देशमुखाचं ऐकून सत्त्याऐंशी म्हणलं, कुणी गप राहिलं. उत्तर कुणालाच आलं न्हाई. मास्तर मला इचारणार न्हाईत हे मला म्हाईत होतं. मला इचारायचेच न्हाईत. माझं तोंड आपोआप उघडलं.

“चुकलं. त्र्याऐंशी.”

पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली.

“कोण बोललं?”

“मी.”

“काय बोललास?”

“देशमुखांचं चुकलं मास्तर. त्र्याऐंशी पाहिजे.”

मास्तरांनी फळ्याकडं वळून बघितलंबी न्हाई. त्यांना उत्तर म्हाईत होतं. “ये पुढे,” म्हणले. मी गेलो. मी येडा, मला वाटलं आज नेम माझ्या बाजूनं हाय. मी हात चड्डीला पुसला. खरंच पुसला. देशमुखाच्या गालाला लावायचा म्हणून.

मास्तरांनी ते बघितलं.

“हात पुसतोस? देशमुखांच्या गालाला तू हात लावणार?” वर्ग हसला. मास्तर उठले, छडी घेतली. “श्रेढीत प्रत्येकाचं पद ठरलेलं असतं. तुझं पद कुठलं ते आज तुला पाठ करून देतो.”

मग त्यांनी त्या सातजणांना उभं केलं. देशमुखाला शेवटी. म्हणले, “पहिला ह्याला एक मारेल. दुसरा तीन. तिसरा पाच. धाकटे मालक सातवे आहेत. ते किती मारतील? सांग.”

मी छडीकडं बघत राहिलो.

छडी गुडघ्याच्या वाटीवर बसली. “हुशार आहेस ना? पद काढ.”

“तेरा.”

माझ्याच तोंडानं मी सांगितलं. बरोबर सांगितलं. चुकीचं सांगायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

पहिल्यानं मारली. दुसरा किसन होता, पेडगावचा, कुणब्याचा. आमी दोघं बऱ्याचदा सोबत भाकर खायचो. त्यानं हात उचलला आन् माझ्या गालाला नुसता लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मास्तर म्हणले, “ही धरायची नाही. पुन्हा. नाहीतर तू त्याच्याजवळ उभा राहा.” किसननं डोळे मिटले आन् मारल्या. जोरात. डोळे मिटून मारलेलं कुठंबी लागतंय. एक नाकावर लागली.

देशमुखाची पाळी आली तवर माझा शर्ट रक्तानं भरला होता. मान वळली होती. तवाच मास्तर म्हणले, तोंड इकडं कर. मोठ्यानं मोजायला लावलं. देशमुखानं अंगठी फिरवली. मी मोजत होतो. मधीच कधीतरी डाव्या कानात काहीतरी फाटलं, ओल्या कापडासारखं. मग शिट्टी वाजायला लागली. शिट्टीमधी मला माझाच आवाज लांबून ऐकू यायलता. आकडे म्हणणारा. शेवटचा आकडा म्हणलो आन् खाली बसलो.

“आता लक्षात राहील,” मास्तर म्हणले. त्यांनी फळा पुसला. विसावं पद त्यांनी फळ्यावर लिहिलंच न्हाई.

घरी मायनं लसूण टाकून तेल कोमट केलं आन् कानात घातलं. कान आणखी चिघळला. पू यायला लागला. त्या कानानं मला आजवर ऐकू येत न्हाई. पण त्या दिवशी मला मायचं रडणं ऐकू आलं न्हाई, कारण ती रडलीच न्हाई. ती इचारत होती. कुणी मारलं. कशापाई. तुझं चुकलं व्हतं का. मी म्हणलं, न्हाई माय, बरोबर व्हतं. ती पुन्हा इचारायची, “बरोबर व्हतं?” जणू तिला त्यात काही सापडत नव्हतं.

बा मेंढरांकडं बघत बसला. आमची मेंढरं देशमुखांच्या रानात बसायची. त्यांच्या माळावर चरायची. त्यांच्या हिरीवर पाणी प्यायची. दुसऱ्या दिवशी बानं पटका बांधला, माझा दंड धरला आन् मला देशमुखांकडं नेलं. कानाला फडकं बांधलेलं होतं. मला वाटलं बा इचारायला चाललाय, माझ्या लेकराचा कान का फोडला म्हणून.

थोरले देशमुख लोडाला टेकून बसले होते. बा दारातच उभा राहिला. पायतण काढलं, हात जोडले.

“मालक, पोरानं बेअदबी केली. माफी करा.”

कानापेक्षा तवा जास्ती दुखलं. हे मी आज लिहून ठिवायलोय, कुणाला वाईट वाटो की न वाटो.

थोरल्यांनी माझ्याकडं बघितलं. “हुशार हाय म्हणं पोरगं. भर वर्गात आमच्या पोराचं चुकलं म्हणलं.”

“चुकलंच व्हतं,” मी म्हणलो.

बानं फाडकन माझ्या तोंडात मारली. दुखऱ्या बाजूनं. माझ्या डोळ्यापुढं पांढरं झालं. तेवढ्यात थोरले हसले. म्हणले, “ऱ्हाऊ दे. घरात मारून काय फायदा? बेअदबी वर्गात झाली, माफी वर्गात झाली पाहिजे. सोमवारी पोरानं आमच्या धाकट्याच्या पायावर डोकं ठिवायचं. सगळ्यांसमोर. मग माळ तुमचा, पाणी तुमचं.”

“करंल मालक,” बा म्हणला. “करंल.”

माझ्या वतीनं बानं कबूल केलं. मला कुणी इचारलं न्हाई.

वाटेनं येताना बा म्हणला, “डोकं टेकायला काय लागतंय रे? डोकं काय झिजतंय का? मी जिंदगीभर टेकलं.” मी बाकडं बघितलं. त्याचं डोकं, त्याचा पटका, पटक्याखालची ती वाकलेली मान. मला बाचा राग आला न्हाई. भेव वाटलं. ती मान मला माझ्या खांद्यावर दिसायला लागली.

सोमवारी मी शाळेला गेलो. अंगात ताप होता. डोकं टेकायचं असंच ठरवून गेलो होतो, हे खरं सांगतो. बासाठी, माळासाठी, पाण्यासाठी. दाराशी आलो तवासुद्धा ठरलेलंच होतं.

मास्तरांनी नाव न घेता बोट केलं. “ये. उरकून घे.”

देशमुखानं बाकावर बसल्या बसल्या पाय पुढं केला. बुटातला. नवा बूट होता, त्याला चिखल लागलेला. मी जवळ गेलो. वाकायला लागलो. तेवढ्यात त्यानं बुटाचं टोक उचललं आन् माझ्या हनुवटीला लावलं. म्हणला, “आधी पूस. शर्टानं.”

आन् वर्ग हसला. मास्तरबी हसले.

मी वाकलेला होतो. तसाच थांबलो. त्या वक्ताला काय झालं ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय. काही मोठा इचार आला न्हाई. एवढंच आलं की, आज बूट पुसला तर उद्या काय? उद्या ह्याच्यापेक्षा जास्ती. परवा त्याच्याहून जास्ती. हे कुठं जाणार ते मला इथं उभं राहूनच दिसायला लागलं. लांबचं दिसायला लागलं. माझ्या म्हातारपणापतोर दिसलं, माझ्या पोरांपतोर दिसलं.

मी सरळ झालो.

“मास्तर,” मी म्हणलो, “ज्याचं बरोबर त्यानं चुकलेल्याला मारायचं. नेम तुमचा हाय.”

आन् मी मारली. सगळ्या अंगाचा जोर लावून. देशमुख बाकावरून मागं गेला, मागच्या बाकाच्या कडंवर तोंड आदळलं, ओठ फाटला. दात लाल झाले. कुणी ओरडलं. मास्तर छडी घेऊन आले. पहिली छडी खांद्यावर बसली, दुसरी मी धरली. हवेतच धरली. मास्तरांनी ओढली, मी सोडली न्हाई.

“सोड! हरामखोरा, सोड!”

मी ती हिसकली आन् गुडघ्यावर मोडली. मोडायला लय सोपी होती. इतकी वर्षं आमी तिला भेत होतो आन् ती एवढ्यात मोडली.

मग सगळे अंगावर आले. मास्तरच ओरडले, धरा त्याला. बुक्क्या, लाथा, पाट्यांच्या लाकडी कडा. मला ओढत पटांगणात आणलं. एकजण माझ्या हातावर पाय देऊन उभा राहिला, दुसऱ्यानं बरगडीत लाथ घातली, श्वास घेता येईना. मीबी गप पडलो न्हाई. एकाच्या पिंडरीला चावलो, मांस तोंडात येईपतोर सोडलं न्हाई. मला त्याची लाज वाटत न्हाई. खाली पडल्या पडल्या मला वर्गाची खिडकी दिसायलती. आत किसन एकटाच बसून होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मास्तर त्याच्यावर ओरडायलते, जा, तूही मार. तो उठला न्हाई. त्याला त्याबद्दल मार बसला असं पुढं कळलं.

मी घरी रांगत रांगत गेलो म्हणलं तरी चालंल. माझ्याआधी देशमुखांची माणसं पोचली होती. चारपाच गडी, काठ्या घेऊन. बा पालापुढं हात जोडून उभा होता. तो म्हणत होता, मालकांना सांगा, पोरगं लहान हाय. एकानं त्या जोडलेल्या हातांवरच काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मला एका कानानं ऐकू आला. बा खाली बसला. मेंढरं बुजली, एकमेकांवर चढायला लागली. कुत्री सोडली होती त्यांच्यावर. एक गाभण मेंढी कुत्र्यांनी माझ्यादेखत फाडली.

माय पालातून बाहेर आली. तिच्या हातात गोफण होती. तिनं दगड घातला, गोफण फिरवली आन् सोडली. पुढच्या गड्याच्या कपाळावर दगड बसला. तो झाड पडावं तसा पडला. माय पुन्हा दगड उचलायलती. बाकीचे थांबले. बाईमाणूस असं करंल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पडलेल्याला उचललं आन् शिव्या देत गेले. म्हणले, दिवस मावळायच्या आत शीव सोडा.

बा मोडका हात पोटाशी धरून म्हणायलता, “माफी मागायची व्हती. आजून मागू.”

“हात जोडून काय वाचलं?” माय म्हणली. “जोडलेले व्हते तवाच मोडले ना?”

आमी शीव सोडली. उरलेली मेंढरं घेऊन पूर्णा नदीच्या अंगानं निघालो. येलदरीला धरणाचं काम निघालं होतं, तिथं पाल टाकलं. माय दगड वाहायची. मी खडी फोडायचो, बरगडी भरून आल्यावर. बाचा हात वाकडाच जुळला. तो माझ्याशी बोलत नव्हता. एकदाच बोलला. भाकर खाताना, हातातला तुकडा खाली पडला तवा.

“तुझं एक उत्तर आन् माझा हात.”

हे वाक्य घेऊन मी लय दिवस खडी फोडली. प्रत्येक दगडावर तेच. मी गप बसलो असतो तर. त्र्याऐंशी म्हणलो नसतो तर. बूट पुसला असता तर. असं करता करता एक दिवस हातोडा हातातच थांबला. मला दिसलं की बा आन् मी दोघंबी चुकीचं मांडायलोत. बाचा हात माझ्या उत्तरानं मोडला न्हाई. बाचा हात देशमुखाच्या काठीनं मोडला. माझा कान माझ्या तोंडानं फुटला न्हाई, मास्तरांच्या हुकमानं फुटला. आमी त्यांचा जुर्म आमच्या नावावर लिहून घेतो, त्याच्यावर त्यांचं चालतंय. त्यांना काठी रोज उचलावी लागत न्हाई. आमीच एकमेकांना म्हणतो, तुझ्यापाई झालं.

मी बाला तसं सांगितलं. बानं ऐकलं. उठून गेला. तो मरंपतोर आमचं त्याच्यावर बोलणं झालं न्हाई. सगळं नीट झालं असं मी खोटं लिहिणार न्हाई.

पुढल्या साली जूनमधी मी परभणीला गेलो, एका हायस्कुलात नाव घालायला. मी मागितल्यावर जुन्या शाळेनं दाखला टपालानं पाठवला होता. त्याच्यावर शेरा होता, वर्तणूक वाईट, वर्गात मारामारी, शिक्षकांची छडी मोडली. हेडमास्तर म्हातारे होते, चष्मा कपाळावर ढकलून वाचत होते.

“हे खरं आहे का? वर्गात मारामारी?”

“खरं हाय. आधी मला मारलं, मग मी मारलं.”

“शिक्षकांची छडी मोडलीस?”

“मोडली.”

“पश्चात्ताप होतो?”

“न्हाई.”

त्यांनी दाखला टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज मऊ होता. “हे बघ बाळ, एक माफीनामा लिहून दे. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच. तुझं नाव आज घालतो. तुझ्यासारख्या मुलांनी शिकावं असं मलाही वाटतं.”

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. दौत सरकवली. हे मास्तर मारणारे नव्हते. मला बसायला स्टूल दिलं होतं. म्हणून तर ते जास्ती अवघड गेलं. लाथेला न्हाई म्हणता येतं. गोड बोलून माफी मागायला लावतात तवा माणूस घसरतो.

मी कागद हातात घेतला. त्याच्यावर लिहिलं: मला मारलं म्हणून मी मारलं. इथं कुणी मारलं न्हाई तर मी मारणार न्हाई. मारलं तर मारीन. खाली नाव लिहिलं, बाचं नाव लिहिलं आन् कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. “ह्यावर मला नाव घालता येणार नाही,” म्हणले.

“बरं,” मी म्हणलो. दाखला उचलला, घडी केली, खिशात घातला.

बाहेर ऊन कडक होतं. ह्या गावात आणखी शाळा होत्या. ह्या गावात न्हाई तर दुसऱ्या गावात होत्या. प्रत्येक शाळेत मला हेच इचारणार हे मला कळलं होतं, आन् प्रत्येक शाळेत मी हेच लिहून देणार हेबी ठरलं होतं. शिकणार तर मी होतोच. ते कुणाच्या मेहेरबानीनं न्हाई, ते माझं होतं, आन् माझं घ्यायला मी वाकणार नव्हतो. शिपायाला इचारलं, दुसरी शाळा कुण्या बाजूला हाय? त्यानं हात केला. मी त्या बाजूला चालायला लागलो.